कार्डवाली आत्या

प्रत्येक मोठ्या घराण्यात अशी एक आत्या असते. नोकरी तिची जिल्हा परिषदेत, नाहीतर तहसील कचेरीत, आणि तीही रेकॉर्ड विभागात झालेली असते. निवृत्तीनंतर सरकारचं रेकॉर्ड हातचं गेलं म्हणून ती घरच्यांचं ताब्यात घेते. लग्नात सगळे अक्षता हातात धरून नवरानवरीकडे बघत असतात, तेव्हा हिचं लक्ष लोकांच्या फोनांकडे. कुणी "अरे, फोटोच निघेना, मेमरी फुल दाखवतोय" म्हणायचा अवकाश, की पर्स उघडते, तिच्यातून सिमची पिन निघते आणि हुकूम सुटतो, "आण इकडे."

ही पिन तिने आजवर कुणाला दिलेली नाही. सेफ्टी पिन खुपसणाऱ्यांचा तिला मनापासून राग. "शेजारचं भोक माइकचं असतं. त्यात टोचलंस तर फोटो वाचतील, पण तुझं बोलणं कुणाला ऐकू जाणार नाही." हे ती अशा सुरात सांगते, की त्यात तुमचं विशेष नुकसान आहे असं वाटू नये.

मग येते पुडी. मायक्रोएसडी कार्ड म्हणजे १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद आणि १ जाड असा काळा तुकडा. त्याच्यावर लिहायचं काय आणि कुठे? म्हणून आत्या प्रत्येक कार्डाला कागदाची पुडी करते, वैद्य चूर्णाची बांधतात तशी, आणि वर निळ्या शाईने नोंद घालते: 'गणपती २०१९, फोटो ४१२, व्हिडिओ ९, मोजून घेतले.' खाली सही. सगळ्या पुड्या चांदीच्या करंड्यात. तिच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या एका नव्या सुनेने करंडा उघडून कुंकवाऐवजी कुणाच्या तरी मुंजीला बोट लावल्याचं घरात अजून सांगतात.

तिची कामाची रीत मात्र कचेरीतली, आणि मला विचाराल तर बिनतोड. "मूव्ह दाबायचं नाही," ती बजावते. "आधी कॉपी. मग मोजणी. मग पुसणं." मूव्ह चालू असताना बॅटरी गेली किंवा कार्ड हललं, तर काही फोटो इकडे, काही तिकडे आणि एखादा कुठेच नाही, अशी गत होते. तो एखादा नेमका आजीचा असतो. म्हणून आत्या फोनमधलं डीसीआयएम फोल्डर उघडते, त्यातल्या कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये किती फाइली आणि किती जीबी ते टिपते, कॉपी झाल्यावर कार्डावरचे आकडे ताडून बघते. आकडे जुळले तरी तिचं समाधान होत नाही. पहिला, मधला आणि शेवटचा फोटो उघडून, मोठा करून बघायचा. फोटोत कोण आहे याच्याशी तिला कर्तव्य नसतं. "उघडतोय. पुढचा."

एवढं झाल्यावर पुसणं. इथे हमखास भाचा मध्ये तोंड घालतो, "आत्या, सगळे उडवले, तरी जागा झालीच नाही!" कशी होणार? बऱ्याच फोनांत पुसलेले फोटो आधी गॅलरीच्या कचरापेटीत जातात आणि महिनाभर तिथेच पडून राहतात. ती पेटी आत्या स्वतः रिकामी करते. आणि कार्ड काढायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन 'इजेक्ट' दाबायला लावते. तसंच उपटणारा माणूस तिच्या लेखी दार न लावता गावाला जाणारा.

क्लाउडचं नाव तिच्यापुढे काढू नये. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट साठा बंद केला आणि सगळं मिळून १५ जीबीच्या आत बसवायला सांगितलं, तेव्हा आत्याने घरी शिरा केला होता. "मी म्हणत नव्हते? आधी राहायला बोलावतात, मग भाडं लावतात." पुण्याच्या भाच्याने समजावून पाहिलं, की कार्ड हरवतं, खराब होतं, क्लाउड तसा नसतो. आत्याने उत्तर दिलं नाही. करंड्यातून त्याच्याच बारशाची पुडी काढून पुढे ठेवली. तिच्यावर लाल शाईत होतं: 'दुसरी प्रत धाकट्या बहिणीकडे, नाशिक.'

दुकानदार तिला वचकून असतात. ६४ जीबीचं कार्ड घरी नेऊन संगणकात घातलं तर ५९ आणि काही तरी दिसलं, तेव्हा ती पाकीट घेऊन परत गेली, "वजनात मारतोस का रे?" दुकानदाराचा बिचाऱ्याचा दोष नव्हता. कंपनी जीबी मोजते हजाराच्या पटीत, संगणक मोजतो १०२४ च्या. हे कळल्यावर आत्याने माफी मागितली नाही. पुडीवर 'भरतात ६४, उतरतात ५९' अशी नोंद मात्र केली.

आतोबांची कथा वेगळी. त्यांनी एकदा फुटपाथवरून 'एक टीबी'चं कार्ड आणलं, किंमत ऐकून आत्या गप्पच झाली. असल्या बनावट कार्डांत खरी जागा थोडीशीच असते, फोनला दाखवायचा आकडा तेवढा फुगवलेला. खरी जागा संपली की पुढचे फोटो गेल्यासारखे दिसतात आणि उघडत नाहीत. आत्याने ते कार्ड काठोकाठ भरून बघितलं आणि फसवणूक उघडी पाडली. त्या दिवसापासून आतोबांना फक्त भाजी आणायला पाठवतात. शिवाय त्यांच्या फोनला दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हींपैकी एकाच गोष्टीची जागा होती. आतोबांचं दुसरं सिम निघालं. जुन्या ऑफिसातले मित्र अजून त्या नंबरवर फोन लावतात म्हणे.

कार्ड टाकल्यावर काही अँड्रॉइड फोन विचारतात, ते फोनचीच अंतर्गत मेमरी म्हणून वापरायचं का? हो म्हणाल तर कार्डावरचं आधीचं सगळं पुसलं जातं आणि पुढे ते त्या एकाच फोनला उघडतं. फोन फुटला की कार्ड असून नसल्यासारखं. थोरल्या जावयाने असंच हो म्हटलं होतं. त्याला अजून आत्या 'जावईबापू' म्हणते, पण आवाजात पूर्वीचं ते नाही.

तरी तिचा खरा वैरी शुभ सकाळ. सूर्य, गुलाब आणि कपबशी. या चित्रांनी भारतातले फोन कसे तुंबतात, याची बातमी २०१८ साली अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलने छापली होती. आत्याला ती दहा वर्षं उशिरा वाटते. व्हॉट्सअॅपवर आलेलं सगळं फोनच्याच पोटात साठतं, कार्डावर परस्पर पाठवायची सोय त्यात नाही. त्यातून लग्नाचे फोटोही लोक तिथूनच पाठवतात, आणि ते लहान होऊन येतात. "डॉक्युमेंट म्हणून पाठव," आत्या ओरडते, "मंगलाष्टकं काय अर्धी म्हणतात का?"

उन्हाळ्यात पापड-कुरडया झाल्या की ती सगळी कार्डं एकेक करून फोनमध्ये घालून उघडते. वर्षानुवर्षं नुसती पडून राहिलेली कार्डं आतलं विसरू शकतात, हे तिने कुठेतरी वाचलंय आणि ते खरं आहे. फोटो बघायचं आमंत्रण आम्हाला असतं. कोणी जात नाही. कोणाला मुलाच्या पासपोर्टसाठी, कोणाला पन्नाशीच्या फलकासाठी फोटो लागला, की मात्र सगळे तिच्याच दारात.

हल्ली महागड्या फोनांत कार्डाची खाचच नसते. यावर आत्याने यूएसबी-सीला लागणारा कार्ड रीडर घेतलाय, तेव्हा सुटका नाही. तुमच्या घराण्यातल्या आत्याकडे फोन देणार असाल, तर पूर्ण चार्ज करून द्या आणि शुभ सकाळची चित्रं आधी स्वतः पुसा. ती पुसताना कोणी पाठवलीत ते आत्या वाचते.