मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी सकाळी कान्हे फाट्यावर उभं राहावं, म्हणजे महाराष्ट्रात निसर्गप्रेमींचं पीक किती जोमाने आलं आहे ते दिसतं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून ही मंडळी लोणावळ्याकडे निघालेली असतात. एका गाडीत दोन माणसं, फार तर तीन. मागच्या काचेवर झाडं लावण्याचा उपदेश, मागच्या सीटवर पृथ्वीचं हिरवं चित्र छापलेली कापडी पिशवी, पिशवीत स्टीलची बाटली आणि बांबूचे चमचे. काचा बंद, एसी सुरू, इंजिन सुरू, गाडी तेवढी उभी. निसर्गाच्या कुशीत शिरायला निघालेला माणूस तासभर समोरच्या गाडीच्या सायलेन्सरच्या कुशीत बसून राहतो. पण त्याच्या चेहऱ्यावर अपराधाची रेघ नसते, कारण पिशवी कापडी आहे. माझी तक्रार आहे ती या समाधानाबद्दल. आपल्या जुन्या माणसांनी 'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा' ही म्हण बहुधा उंदीर-घुशींना उद्देशून केली असावी, पण पर्यावरणाच्या बाबतीत आपण जे चालवलं आहे त्याचं इतकं नेमकं वर्णन कुठल्याही अहवालात सापडायचं नाही.

आधी त्या बोळ्याकडे, म्हणजे पिशवीकडे पाहू. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली पिशव्यांचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब मांडला. कापूस पिकवायला लागणारं पाणी, खत, वीज, सगळं धरून त्यांनी सांगितलं की सुती पिशवी निदान ७,१०० वेळा वापरलीत, तर ती साध्या प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येईल. पिशवी सेंद्रिय कापसाची असेल, तर २०,००० वेळा. आठवड्याला एक बाजार धरला, तर २०,००० बाजारांना ३८४ वर्षं लागतात. म्हणजे शिवाजी महाराजांनी तोरणा घेण्याच्या आधी कुणा मावळ्याने जी पिशवी खांद्याला लावली असेल, ती आज कुठे प्लॅस्टिकच्या बरोबरीला येत असती. यावर जाणकार हरकत घेतील आणि ती रास्त आहे. हे मोठे आकडे सगळे निकष एकत्र धरून, त्यातही ओझोनच्या थराला धरून आलेले आहेत; फक्त हवामानापुरतं पाहिलं तर साध्या सुती पिशवीला ५२ वापर पुरतात. शिवाय फेकलेली पिशवी नाल्यात, नदीत आणि गाईच्या पोटात जाऊन काय करते, हे त्या हिशेबात धरलेलंच नाही. मान्य. तेव्हा कापडी पिशवी जरूर वापरावी, मात्र ती जुन्या साडीची किंवा बाद झालेल्या पँटची शिवलेली असावी. दर प्रदर्शनात, दर परिसंवादात आणि दर लग्नात फुकट मिळालेल्या चाळीस कापडी पिशव्या दाराच्या खुंटीवर लटकावून ठेवणं याला पर्यावरणरक्षण म्हणता येत नाही. तो संग्रह झाला.

आता दरवाजाकडे वळू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पुणे-लोणावळा जाऊन-येऊन १३० किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटर हा मालकाने सांगितलेला (म्हणजे थोडा फुगवलेला) आकडा खरा धरू, तरी एका फेरीला २० किलो. पाच ग्रॅमची पातळ पिशवी तयार होण्यापासून जळून जाईपर्यंत ढोबळमानाने पंचवीस-तीस ग्रॅम सोडते. याचा अर्थ, एका रविवारच्या फेरीत सातशे पिशव्यांचा धूर झाला. दुकानदाराने पुढे केलेली पिशवी बाणेदारपणे नाकारण्याचं व्रत रोज पाळलं, तरी एका लोणावळ्याचं प्रायश्चित्त पुरं व्हायला दोन वर्षं जातात. आणि आपण तर दर पावसाळ्यात तीनदा जातो. याच रस्त्याला समांतर, वडगाव आणि कामशेत यांच्या मधून, कान्हे स्टेशनावर थांबत १९७८ पासून विजेवरची लोकल धावते आहे. लोकलचा मोठा गुण असा की ती तुमच्यासाठी निघत नाही, तुमच्याशिवायही निघणारच असते; तुम्ही चढल्याने तिच्या विजेच्या बिलात नाव घेण्याजोगी भर पडत नाही. दुपारच्या गाड्यांमधल्या मोठ्या खंडाची तक्रार जुनी आहे आणि ती खरी आहे. परंतु घाटाच्या अलीकडे दोन तास गाडीत बसून शेवटी भुशीचं फक्त वाहनतळ पाहून परतणाऱ्याने वेळापत्रकाला नावं ठेवावीत, हे जरा जास्त होतं.

भुशी धरणाचीही गंमत आहे. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून एकोणिसाव्या शतकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ते इंद्रायणीवर बांधलं. तेव्हा पाणी इंजिनांकडे जात असे. आता इंजिनं माणसांना घेऊन पाण्याकडे येतात. तिथल्या पायऱ्यांवर बसून खाल्लेल्या वेफर्सचं रिकामं पाकीट मात्र तिथे बसून राहत नाही. ते इंद्रायणीला लागतं, कामशेत मागे टाकतं, मावळातून उतरतं आणि पायी वारीचे कुठलेही कष्ट न घेता देहूला, तिथून आळंदीला पोहोचतं. आळंदीच्या घाटावर नदी फेसाळलेली दिसते त्यात शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी हा मोठा भाग आहे, वेफर्सवाल्यांच्या माथी सगळं मारणं अन्यायाचं होईल. तरी तीर्थाला जाताना हातात काही तरी न्यावं, ही रीत आपण नदीच्या हाताने पाळतो आहोत, एवढं खरं.

पण चाकांपेक्षाही मोठा दरवाजा ताटात आहे, आणि त्याच्याकडे पाहायला लोणावळ्यालाही जावं लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातल्या घराघरांतून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं, असा अंदाज आहे. यात साली, देठं, हाडं धरलेली आहेत, म्हणून थोडा उतार द्या. तरीही घरातला प्रत्येक जण वर्षाकाठी जवळजवळ एका सडपातळ माणसाच्या वजनाचं अन्न केराच्या टोपलीत टाकतो. हे झालं घरचं. मावळात महामार्गाच्या कडेने जी लॉन्स आणि मंगल कार्यालयं उभी आहेत, त्यांच्या मागच्या दाराचा हिशेब वेगळाच. पूर्वी पंगतीत पानात टाकलेल्या जिलबीचं पाप आग्रह करणाऱ्याच्या नावावर लिहिता येत असे. बुफेने ती सोयही काढून घेतली. आता माणूस स्वतःच स्वतःला आग्रह करतो आणि स्वतःलाच 'नको' म्हणायची त्याला भीड वाटते. टाकलेला भात हा तर दुहेरी उद्योग आहे. खाचरात पाणी साचून राहिलं की चिखलात प्राणवायू पोहोचत नाही आणि तिथले जिवाणू मिथेन सोडतात, म्हणजे भात पिकताना एकदा हवा तापवतो. उरलेला कचऱ्याच्या ढिगात दबून कुजला की पुन्हा मिथेन, पुन्हा तापवतो. पोटात गेला असता, तर निदान दुसरा हप्ता वाचला असता. कान्ह्याच्या शेजारच्या स्टेशनावर, वडगावला, भात संशोधन केंद्र आहे. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी तांदूळ तिथे तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांकडे आला. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खपून ज्याला वास आणला, बायामाणसांनी पावसात कंबर मोडून ज्याची लावणी केली, तो भात आपण 'जरा जास्तच वाढून घेतला' एवढ्या चार शब्दांत निकालात काढतो.

उरलेल्या अन्नाचं पुण्य करण्याचा आपला मार्ग आणखी धोक्याचा आहे. शिळा भात आणि भाजीची देठं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायची, वर घट्ट गाठ मारायची आणि 'गाय खाईल' म्हणून कोपऱ्यावर ठेवायची. गाईला हात नाहीत, तिला गाठ सुटत नाही. ती पिशवीसकट गिळते, पिशवी रवंथातून परत येत नाही, पोटात गोळा होत राहते आणि शेवटी जनावरांच्या डॉक्टरला पोट फाडून किलो-किलोने प्लॅस्टिक काढावं लागतं. खंडाळ्याच्या घाटात माकडांना वेफर्स भरवणाऱ्यांची भूतदया याच जातीची. माकड तळलेल्या मिठाला चटावतं, जंगलातलं फळ सोडून रस्त्यावर येतं, गाडीखाली सापडतं किंवा पुढच्या निसर्गप्रेमीच्या हातातली पर्स ओढतं, आणि मग ते 'माजलं' म्हणून दगड खातं. दया करायला मन लागतं हे खरं, पण घास पुढे करण्याआधी क्षणभर डोकंही चालवलं तर माकडाची काही हरकत नसावी.

'एकट्याने करून काय होतंय? कारखाने बघा, विमानं बघा' हा आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. मोठे दरवाजे सरकारनेच लावायचे असतात. पण सरकारने लावलेल्या दाराची कडी कोण सरकवतं, ते आपण पाहिलं आहे. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली, २३ जूनपासून पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड सुरू झाला, आणि पहिले काही दिवस कोथिंबिरीची जुडी लोकांनी लहान बाळासारखी कडेवर नेली. मग भाजीवाल्याने गाडीच्या खालून हळूच पिशवी काढली आणि आपण इकडेतिकडे बघून ती घेतली. दुधाच्या पिशव्या परत केल्या तर ५० पैसे मिळावेत, अशीही त्या अधिसूचनेत तरतूद होती. ते नाणं पाहायला भारत इतिहास संशोधक मंडळात जावं लागेल, ही अडचण कुणाच्या लक्षात आली नसावी. तरीही मराठी घरातल्या बाईने कुठल्याही अधिसूचनेची वाट न पाहता दुधाच्या पिशव्या धुऊन, ओट्यावर वाळवून, गठ्ठा करून भंगारवाल्याला विकलेल्या आहेत. तिला यातून जग वाचवायचं नव्हतं. किलोला मिळतील ते पैसे हवे होते. मला तिचा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. जग वाचवायला निघालेला माणूस महिन्याभरात दमतो, काटकसरी माणूस दमत नाही. तिला फक्त एवढंच सांगायचं, की पिशवी कापताना टोक पूर्ण तोडू नका, लटकतं ठेवा. तुटलेला तो चिमुकला त्रिकोण भंगारवाल्याकडे कधीच पोहोचत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सगळ्यांनी शहाणं होऊन घरी बसायचं ठरवलं, तर मावळातल्या माणसांनी खायचं काय? अजिबात घरी बसू नका. लोकलने या, गाडीच काढायची असेल तर ती भरून आणा, इंद्रायणी तांदूळ शेतकऱ्याच्या दारातून घ्या, कान्ह्याहून टाकव्याच्या रस्त्याने आंदर मावळात शिरा. उन्हाळ्याच्या अखेरीला याल तर ठाकर-कातकरी बाया करवंदं आणि जांभळं विकायला बसलेल्या दिसतील. पानाच्या द्रोणात भरलेली करवंदं, याहून निर्दोष पॅकिंग डेन्मार्कच्या खात्यालाही सुचलेलं नाही. आपण मात्र द्रुतगती मार्गाचा टोल निमूट भरून आलेलो असतो आणि इथे दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो, मग विजयी मुद्रेने तो द्रोण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो. घासाघीस करायची हौस असेल, तर ती हॉटेलच्या खोलीचं भाडं ठरवताना पुरवून घ्या. करवंदवालीला ती मागेल तेवढे द्या, आणि द्रोण हातातच धरा.