रांगेतला कुंभक

२०१५ पासून दर २१ जूनला, योग दिनी, नामपुरात सगळेच योगी होतात. २२ तारखेला सतरंजी पुन्हा कांद्याच्या चाळीत जाते.

"वेळच नाही हो, आप्पा!" असं सांगणारा बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरच्या रांगेत दोन तास मोबाइल चोळत बसलेला असतो. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींना संस्थान सांभाळून सूर्यनमस्कार जमले. आपल्याला दोन एकर डाळिंब आणि चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आडवे येतात. बारा स्थितींचा एक नमस्कार जेमतेम मिनिटभराचा. सहा घातले तरी चहा निवत नाही.

लिलावात भाव पुकारताना श्वास आपोआप रोखला जातो, हे खरं. पण तेवढ्या कुंभकालाच प्राणायाम म्हणणाऱ्यांनी श्वास सोडायलाही शिकावं. भाव काही आपल्या हातात नाही, श्वास आहे.