एचडी भाऊजी

ताडोबाच्या मोहर्ली गेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाघाचं चित्र असलेला टी-शर्ट कुठल्याही दुकानात मिळतो. झेरॉक्स मात्र एकाच दुकानात मिळते, आणि तिथला माणूस गिऱ्हाइकाकडे बघत नाही. तुम्ही सातबारा पुढे केलात की मान न वळवता तो हात पुढे करतो, कागद मशीनवर पालथा घालतो, आणि डोळे पुन्हा मॉनिटरवर. मॉनिटरवर कुणाची तरी नवरी सकाळपासून मान वर करते आहे. तो तिला दोन फ्रेम मागे नेतो, ती मान खाली घालते. पुन्हा वर, पुन्हा खाली. "पाय ना जी," तो तुम्हाला म्हणतो, "इथी कापू का तिथी?" तुम्ही काहीही सांगा, तो कापत नाही. विचारायची त्याची पद्धत आहे, एवढंच.

हे एचडी भाऊजी. मूल गावाकडचे, लग्न करून सासुरवाडीतच राहिले आणि अख्ख्या मोहर्लीचे भाऊजी झाले. गावाच्या जावयाची चेष्टा करण्याचा हक्क शाळकरी पोरांपासून कोतवालापर्यंत सगळ्यांना असतो, आणि तो सगळे बजावतात. भाऊजी रागावत नाहीत. रागावायला वेळ लागतो, आणि त्यांचा सगळा वेळ रेंडरला लावलेला असतो.

गावात रोज कॅमेरे येतात. हाताच्या लांबीच्या भिंगांचे, ठिपक्याठिपक्यांची खोळ चढवलेले. पहाटे जिप्सीत बसून ते आत जातात आणि वाघ घेऊन परततात. भाऊजींना त्याचं कौतुक नाही. त्यांनी नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेला एचडीव्ही हँडिकॅम आयुष्यात कधी गेटाच्या आत गेला नाही. त्यांचं जंगल मांडवाच्या आत असतं: हळद, वरात, पंगत, बारसं, साठी, कुणाच्या ट्रॅक्टरची पूजा. पैसे घेत नाहीत. सीडीसुद्धा फुकट देतात. म्हणजे, देणार असतात.

"भाऊजी, आमची सीडी?"

"देतो ना जी. पावसाळ्यात देतो."

या उत्तरात खोटं काही नाही. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचं कोअर क्षेत्र पर्यटकांना बंद असतं. जिप्स्या थांबतात, गाइड धानाच्या बांधीत उतरतात, दुकानात माशीही झेरॉक्स मागत नाही. हाच भाऊजींचा एडिटिंगचा हंगाम. फक्त पावसाळे येतात तेवढे जातात, आणि लग्नं मात्र साठत राहतात.

उशीर का होतो, हे विचारण्याची चूक करू नका, ते सांगतात. एका तासाची एचडीव्ही टेप संगणकात उतरवायला एक तासच लागतो, कारण ती चालता चालताच उतरते. ती हार्ड डिस्कवर ११-१२ जीबी जागा खाते. साध्या डीव्हीडीत मावतात ४.७ जीबी. वर डीव्हीडीचं चित्र ५७६ ओळींचं आणि भाऊजींचं १०८० ओळींचं. म्हणजे सीडी बनवायची तर ५०४ ओळी गाळाव्या लागतात. हा हिशेब त्यांनी एकदा ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून सांगितला आणि आयुष्यभराचं संकट ओढवून घेतलं. तेव्हापासून ज्या पाहुण्याला सीडीत स्वतःचं तोंड सापडत नाही, त्याची खात्री असते की भाऊजींनी त्याला त्या ५०४ ओळींत घालवलं. एका लग्नातल्या मोठ्या जावयाने तर सरळ निरोप पाठवला: "आमच्या ओळी वापस करा."

पण एचडीचा खरा ताप वेगळाच. साध्या कॅमेऱ्यात सगळे बरे दिसायचे. १०८० ओळींत आंदणातल्या कपाटाचा पोचा दिसतो, एक ग्रॅमचा हार एक ग्रॅमचाच दिसतो, आणि मानपान चुकल्यावर मामीनं पाडलेलं तोंड तर नागपूरच्या मोठ्या पडद्यावर लावावं इतकं स्वच्छ येतं. मामीला गाळावं तर नवरदेवाच्या आईकडचे रुसतात. ठेवावं तर मामी रुसते. या पेचातून भाऊजींनी काढलेली वाट म्हणजे 'डिझॉल्व्ह'. मामीचं तोंड वाकडं व्हायला लागलं की त्यातून हळूहळू गुलाब उमलतो. त्यांच्या सीडीत गुलाब मोजले की त्या लग्नात किती भांडणं झाली ते कळतं.

कात्री न लागणारा भाग एकच: आहेर. तो पहिल्या पितळी गुंडापासून शेवटच्या एक्कावन्न रुपयांच्या पाकिटापर्यंत सलग. शहरातले एडिटर आहेर संगीत घालून अर्ध्या मिनिटात उरकतात. भाऊजींच्या मते तो गुन्हा आहे. आमच्याकडे कुणी काय दिलं हे वहीत लिहितात खरं, पण वहीत खाडाखोड होते. टेपमध्ये होत नाही. पुढं त्या घरच्या लग्नाला काय न्यायचं हे ठरवायला बायका सीडी लावतात, 'थांबा' दाबतात आणि स्टीलचा डबा तीन किलोचा होता की पाचचा यावर पडद्याला नाक लावून चर्चा करतात. एचडीचा याहून चांगला उपयोग जपानमध्येही कुणाला सुचला नसेल.

वाघाची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे. चंद्रपूरहून पद्मापूर, आगरझरी करत वरात मोहर्लीला येत होती. आगरझरीच्या अलीकडे नवरदेवाच्या गाडीपुढून एक वाघ रस्ता ओलांडून गेला. घाई न करता, मधे थांबून वरातीकडे एकवार बघून. भाऊजी पुढच्या बोनेटजवळ उभे होते, कॅमेरा चालू. सगळं टिपलं गेलं. गाव महिनोन्‌महिने सीडीची वाट बघत राहिलं, आणि ती आली तेव्हा त्यात वाघ नव्हता. गाडी थांबते, गुलाब उमलतो, गाडी निघते.

नवरीचा भाऊ गेटवरचा गाइड. तो डोक्याला हात लावून दुकानात आला. "भाऊजी, पुन्या-मुंबईचे लोक यासाठी हजारो रुपये मोजून येऊन रायले आन् तुम्ही वाघ कापला?"

"शॉट हालला होता," भाऊजी म्हणाले. मग थोडा विचार करून, "आन् तो कोनाच्या नात्यातला होता, सांग."

मामीच्या तोंडाहून मोठं दुखणं म्हणजे ड्रॉपआउट. टेपवर धुळीचा कण बसला तर जुन्या कॅमेऱ्यात चित्रावर एखादा ठिपका यायचा. एचडीव्हीत बारा-बारा फ्रेमा एका गठ्ठ्यात बांधलेल्या असतात. एक बिघडली की तिच्यावर टेकलेल्या बाकीच्याही जातात, आणि अर्धा सेकंद चित्र गोठतं. असा एक अर्धा सेकंद नेमका वरमाला गळ्यात पडताना गेला. भाऊजींनी तो जाऊ दिला नाही. वर्षभरानं ती पोरगी माहेरी आली, तेव्हा तिला शालू नेसवून, हातात हार देऊन मांडवाच्या जागी उभी केली. नवरा सुट्टी नाही म्हणून आला नव्हता. त्याच्या जागी तिच्या भावाची पाठ उभी केली. कडेवरचं बाळ फ्रेममध्ये येऊ नये म्हणून ते भाऊजींच्या खांद्यावर. सीडीत हार पडतो तेव्हा मागे मंगलाष्टकांत एक बाळ रडतं. ते कुणाचं, हे नव्या पाहुण्यांना सांगता सांगता घरच्यांची पुरेवाट होते.

एवढं करून बर्निंगला लावलं की वीज जाते. मोहर्लीच्या शिवाराला इरई धरणाचं पाणी लागतं. ते पाणी चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राला जातं. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब वाहिनी १९९९ पासून मुंबईजवळच्या पडघ्याला वीज पोचवते, वाटेत कुठं न थांबता. मोहर्लीपर्यंतचे तीसेक किलोमीटर मात्र विजेला फार जड जातात. बर्न ९७ टक्क्यांवर आला की पंखा मंदावतो, यूपीएस एकदा किंचाळतो, आणि डिस्क कायमची मुकी होते. भाऊजी ती बाहेर काढतात, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघतात आणि खिळ्याला अडकवतात.

त्या खिळ्यावर मात्र गावाचं लक्ष असतं. बिघडलेल्या डिस्का काठीला बांधून शेतात टांगल्या की त्यांच्या चकाकीनं पाखरं बुजतात. रानडुकरं बुजतात असंही काहींचं म्हणणं आहे. रानडुकरांचं तसं म्हणणं नाही. सीडी मागणारे पावसाळ्यापर्यंत थांबतात, बिघडलेली सीडी मागणारे थांबत नाहीत. एकदा एक शेतकरी चिडूनच आला, "भाऊजी, औंदा हरभऱ्याले सीड्या पुरल्या नाही. लाइन जाऊन नाही रायली काय?"

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सत्तेचाळिशीला टेकतो, तेव्हा घरातला एकुलता कूलर संगणकाच्या तोंडाशी असतो आणि घरची माणसं संगणकाच्या मागे, जे काही गळून येईल त्या वाऱ्यात बसलेली असतात. यालाही कारण तयार आहे: लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत लेझर सेंद्रिय रंगाच्या थरावर खुणा करतो, आणि हा रंग उन्हानं, उष्णतेनं खराब होतो. म्हणून तयार सीड्या ते तांदळाच्या कोठीत ठेवतात. बायको मापटं घालते आणि भातासोबत कुणाचं तरी बारसं वर येतं.

ब्लू-रेवर त्यांचा जीव. एका थरात २५ जीबी, एकही ओळ गाळायला नको. २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबानं एचडी डीव्हीडीची लढाई सोडून दिली आणि ब्लू-रे जिंकली, तेव्हा भाऊजींनी दुकानात पेढे वाटले होते. निवडणूक नाही, निकाल नाही, पेढे कशाचे, हे कुणाला कळलं नाही. गावात ब्लू-रे लावता येईल असं यंत्र त्यांच्याच घरी. म्हणून ज्यांचं लग्न ब्लू-रेवर निघालं ते जोडपं भाऊजींच्या खाटेवर बसून स्वतःचं लग्न बघतं, चहा घेतं आणि डिस्क तिथंच ठेवून घरी जातं. २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीनं लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कांचं उत्पादन बंद केलं. बातमी ऐकून भाऊजी दुसऱ्या दिवशी नागपूरला गेले आणि जेवढ्या मिळाल्या तेवढ्या घेऊन आले. कोठीत तांदूळ आणखी थोडा खाली गेला.

मग मुलीचं लग्न ठरलं. बल्लारपूरचे सोयरे. भाऊजींनी अट घातली: देण्याघेण्याचं तुम्ही म्हणाल तसं, पण शूटिंग आमचं. सोयऱ्यांनी मान हलवली आणि सोबत एक पोरगा आणला. त्याच्या हातात नुसता मोबाइल. संध्याकाळी पाठवणी व्हायच्या आत दीड मिनिटाची रील सगळ्यांच्या फोनवर आली. नवरी वळते, पाकळ्या हवेत तरंगतात, नवरदेव काळा चष्मा चढवतो. मांडव खूश. गावातल्या पोरांनी भाऊजींकडे बघितलं: आता?

भाऊजींनी रील दोनदा बघितली. पोराची पाठ थोपटली. मग साधेपणानं विचारलं, "बाबू, आहेर कुठी आहे?"

पोरगा हसला. पण मागे बसलेल्या इहिणीनं पदर सावरला. "हो ना रे," ती म्हणाली, "आहेर कुठी आहे? माह्या भासऱ्यानं काय देल्लं ते मी पाह्यलंच नाही." तिच्यामागून आणखी दोघी उठल्या. पोरानं मोबाइल खिशात घातला.

इवाई हात जोडून भाऊजींपुढे आले. "तुमच्यापाशी आहे का जी, पूर्ण?"

"आहे ना. एकही पाकीट सोडलं नाही."

"मंग कधी भेटन?"

"पावसाळ्यात देतो," भाऊजी म्हणाले.

कोणत्या, ते इवायांनी विचारलं नाही. नवे सोयरे होते.