कारखान्याच्या मांडीवरचा क्लब

“अगं, काल एवढ्या थंडीत तुझा नवरा काळा-पांढरा मफलर गुंडाळून कुठे निघाला होता?”

“वाल्केआकोस्कीला, काकू. हाकाची मॅच होती.”

“हे वाल्के का काय, कुठे आलं?”

“आपल्या ताम्पेरेपासून पस्तीसेक किलोमीटर. वीसेक हजार वस्तीचं गाव.”

“एवढ्याशा गावाचा क्लब बघायला हा गारठत बसतो?”

“एवढासा काय म्हणता! 9 वेळा लीग जिंकलीय आणि 12 वेळा फिनिश कप. तो कप 1955मध्ये पहिल्यांदा खेळला गेला, तोही ह्यांनीच मारला.”

“अगं बाई! मग पैसा कोणाचा गं? वीस हजारांच्या गावाला असली हौस परवडत नाही.”

“तुम्ही बरोब्बर नाडी पकडलीत. पैसा कागद कारखान्याचा. मैदान कारखान्याला लागूनच, नावसुद्धा तेहतान केंत्ता, कारखान्याचं मैदान.”

“मग मला काही सांगूच नकोस. माझं माहेर बल्लारपूरचं. पेपर मिलच्या गावात वाढलेय मी. तिथे मिल नुसती पगारापुरती नसते, सगळं गावच तिच्याभोवती फिरतं.”

“इथेही तेच. रुडॉल्फ वाल्देन म्हणून एक जनरल होते, दुसऱ्या महायुद्धात फिनलंडचे संरक्षणमंत्री. कागदाची कंपनी त्यांची. क्लब निघाला 1934मध्ये, पण त्याचे खरे लाड केले ते त्यांच्या मुलानं, यूसो वाल्देननं. तेव्हा फुटबॉलला पगार कुठला? पोरगा चांगला खेळतो म्हटलं की त्याला कारखान्यात चिकटवायचं. पाळी संपली की मैदान.”

“आणि गोल चुकला की बढती अडकली असेल!”

“तुमचं आपलं काहीतरीच! पण जिंकायला लागले हं. 1960, 1962, 1965, तीन वेळा लीग. 1960ला तर लीग आणि कप दोन्ही एकदम.”

“राजधानीवाल्यांच्या पोटात दुखलं असणार.”

“हेलसिंकीचा एचजेके 1907पासूनचा. आजवर तिशीच्या वर लीग त्यांच्या नावावर आहेत. पण एक गंमत सांगू? 1984मध्ये हाका युरोपच्या कप विनर्स कपात क्वार्टर फायनलला पोचला. समोर कोण, तर युव्हेंटस! प्लातिनी, रोसी, बोनिएक, सगळी बडी मंडळी.”

“ते आले ह्या मिलच्या मैदानावर?”

“कुठले! मार्च महिना. इथे मैदान बर्फाखाली. मग हाकाची घरची मॅच फ्रान्समध्ये, स्ट्रासबूर्गला.”

“मॅच घरची आणि पाहुणचार फ्रान्सचा!”

“दोन्ही मॅच एकेका गोलनं गेल्या. युव्हेंटसनं पुढे कपच उचलला. आमचा हा अजून ऐकवतो, हरलो ते विजेत्यांकडून हरलो.”

“सगळे नवरे असंच म्हणतात. पुढे?”

“पुढे तर सिरियलच आहे. 1995ला लीग जिंकले आणि 1996ला खालच्या लीगमध्ये घसरले!”

“एका वर्षात? असं होतंच कसं?”

“झालं खरं. पण ऐका. 1997ला खालच्याच लीगमध्ये असताना फिनिश कप जिंकला आणि त्याच वर्षी वर चढले. मग कीथ आर्मस्ट्राँग नावाच्या इंग्रज कोचच्या हाताखाली 1998, 1999, 2000, सलग तीन लीग.”

“एवढं नाट्य केल्यावर गावात मिरवणूक तरी निघाली का?”

“तुम्ही पण ना, काकू! पुढच्याच वर्षी नाक कापलं गेलं. 2001ला चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत लिव्हरपूल आलं. मॅच हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये, पाच-शून्य. मायकेल ओवेनची हॅटट्रिक. वर तेव्हा लिव्हरपूलकडे दोन फिनिश हिरो, सामी ह्यूपिया आणि यारी लित्मानेन. आता प्रेक्षकांनी टाळ्या कोणासाठी वाजवायच्या?”

“घरच्यांसाठी! पण घरचे कोण, हाच घोळ.”

“आणि हे दोघंही एकेकाळी मिल्लुकोस्कीच्या मायपा क्लबात खेळलेले. तेही कागद कारखान्याचंच गाव, मालकाच्या जिवावर उभं. मायपानं 2005ला लीगसुद्धा जिंकली. आता खरी कुजबुज. वाल्देनची कंपनी 1996मध्ये दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत मिसळून यूपीएम झाली. ह्या यूपीएमनं 2011ला मिल्लुकोस्कीचा कारखाना विकत घेतला…”

“आणि?”

“त्याच वर्षाच्या अखेरीला बंद केला.”

“अरे देवा! विकत घेऊन बंद? आणि क्लब?”

“2015ला मोसम सुरू व्हायच्या आधीच लीगमधून बाहेर. पैसाच उरला नव्हता. पुढे खालच्या पातळीवर पुन्हा सुरुवात करावी लागली.”

“म्हणजे हाकावाल्यांच्या मालकानं शेजाऱ्याची चूल विझवली. आणि हाकाची?”

“हाकाही 2012ला खाली गेला होता. पण गाव हललं नाही. सात वर्षं खालच्या लीगमध्ये काढली, मग 2019ला तेमू ताइनियो कोच असताना वर आला. ताइनियो ह्याच क्लबातून फ्रान्सच्या ओसेरला गेलेला, पुढे इंग्लंडात टॉटनहॅमला.”

“परत आला, हे चांगलं केलं. पण मला एक कळत नाही. मिल्लुकोस्कीचा कारखाना मोडला, मग वाल्केआकोस्कीचा कसा राहिला? मालक तर एकच.”

“कागदाचा फरक, काकू. तिकडे मासिकांचा कागद निघायचा. आता मासिकं घेतं कोण? इकडे लेबलांचा कागद निघतो. बाटल्या, डबे, औषधं, सगळ्याला लेबल लागतंच.”

“म्हणजे वाचणाऱ्यांनी एक क्लब बुडवला आणि पिणाऱ्यांनी एक तारला!”

“काकू!”

“हे तुझ्या नवऱ्याला मात्र सांगू नकोस हं. बाटली उघडली की म्हणेल, क्लबाला मदत करतोय.”