हिंग, ठेचा आणि अस्वलं

प्रवासापेक्षा प्रवासाची आखणी मला जास्त चांगली जमते, असं निदान मला तरी वाटतं. यलोस्टोन, तिथून बेअरटूथ हायवे, मग ग्लेशियर पार्कमधला गोइंग-टु-द-सन रोड, असा एक्सेलचा रंगीत तक्ता मी इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या चार घरी पाठवला. कोणी मागितला नव्हता. एकाचंच उत्तर आलं : ‘वाटेत इंडियन मिळतं का?’

प्रश्न क्षुद्र होता, पण खाण्याचा विषय निघालाच आहे तर डिकीचं सांगतो. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, लसणाची चटणी आणि इलेक्ट्रिक कुकर एवढं भरल्यावर उरलेल्या जागेत कपडे. पार्कचा नियम असा, की वास येणारी कुठलीही वस्तू, अगदी टूथपेस्टसुद्धा, उघड्यावर ठेवायची नाही. गाडीत नाहीतर लोखंडी पेटीत बंद करायची, कारण अस्वलं. नियम करणाऱ्यांनी टूथपेस्टचा विचार केला, म्हणजे त्यांनी हिंग हुंगलेला नाही. आमची डबी तीन पिशव्यांत गुंडाळली तरी लिफ्टमध्ये लोक वळून बघतात. अस्वलापासून १०० यार्ड दूर राहा म्हणतात. ठीक आहे, पण अस्वलाला कोणी सांगितलंय का? बेअर स्प्रे विमानात नेता येत नाही, तिथेच घ्यावा लागतो आणि त्यात असतो मिरचीचाच अर्क. हे कळल्यावर बायको म्हणाली, “मग आईंचा ठेचा आहे की!”

तक्ता शेवटपर्यंत वाचला तो फक्त बाबांनी. साताऱ्याहून आलेत. बोर घाटात शिंग्रोबापुढे नाणं टाकल्याशिवाय न जाणारा माणूस. गोइंग-टु-द-सन रोडवरचा लोगन पास ६,६४६ फुटांवर, पार्किंग सकाळीच भरतं, म्हणून मी ‘पहाटे ४.३० : उठणे’ असं लिहिलं होतं.

“वर चहा मिळतो?”

“वर खायला-प्यायला काही नाही, बाबा.”

“मग एवढं चढायचं कशाला?”

आणि पुढे, अगदी सहज : “तुम्ही बघून या. मी बसतो गाडीत.”

या वाक्याची मला चीड आहे. गेल्या खेपेपासून प्रत्येक ठिकाणी ते हेच म्हणतात, आणि आम्ही खरंच बघून येतो. माझ्या तक्त्यात प्रत्येक ठिकाणाला १५ मिनिटं होती. त्यांच्या गुडघ्यांना गाडीतून उतरून उभं राहायलाच त्यातली निम्मी लागतात. सात समुद्रांपलीकडे आणून माणसाला काचेतून डोंगर दाखवायचे, आणि त्या रकान्याला वर हिरवा रंग द्यायचा!

तक्त्यातून बेअरटूथ कापला. त्याच्या उंचीचा १०,९४७ फूट हा आकडा मी इतक्या जणांना ऐकवलाय, की डिलीट दाबताना बोट थरथरलं. तो दिवस यलोस्टोनमधल्या ओल्ड फेथफुलला दिला. समोर बसायला बाकं आहेत.

“गरम पाण्याचा फवारा उडतो, बाबा. साधारण दीड तासाने.”

“आणि चुकला तर?”

“पुढचा पुन्हा दीड तासाने.”

“म्हणजे आपल्या एसटीपेक्षा बरं,” बाबा म्हणाले, “थर्मास मोठा घे.”