ओळखा पाहू!

सोलापुरात पेठ तिथं एक अण्णा असतातच. आमचे बाळीवेशीतले. टपरीवर रेडिओ लागला की अण्णा बशीतला चहा तसाच ठेवून तर्जनी वर करतात. "थांबा! मागं काय वाजतंय? ओळखा पाहू."

"बासरी," कुणीतरी चाचरत म्हणतं.

"बासरी म्हणे! ओबो आहे, ओबो!" मग ओबोला दोन पत्त्या, क्लॅरनेटला एकच, आणि परदेशात अख्खा ऑर्केस्ट्रा ओबोच्याच सुरावर वाद्यं लावून घेतो, हे सगळं ऐकेपर्यंत गाणं संपून जाहिरात लागलेली असते. पडताळायचं कशावर? खुद्द अण्णांनी ओबो डोळ्यांनी पाहिलेला नाही. हुतात्मा स्मृतिमंदिरात 'ऑर्केस्ट्रा' म्हणून येतो, त्यात कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि घसा बसलेला निवेदक.

'गाइड'मधला तबला तर त्यांचा हुकमी डाव. लोक अल्लारखांपासून सुरुवात करतात, अण्णा मान हलवत राहतात. साताठ तबलजी बाद झाले की हळूच सांगतात, "संतूरवाले शिवकुमार शर्मा." हे मात्र खरं आहे, म्हणून जास्तच राग येतो.

पण खरी कमाल 'छाया'तल्या तलत-लताच्या गाण्याची. "चाल कुणाची?" सलील चौधरी म्हणालात, तर अण्णा हळहळतात. "अरेरे, मोझार्ट! चाळिसावी सिम्फनी, १७८८." शहाणपणा करून मोझार्ट म्हणालात, तर "पडद्यावर नाव कुणाचं येतं बे? सलीलदांचं!" माणूस दोन्हीकडून मेला. त्यांना उत्तर हवंच नसतं. कुणी बरोबर दिलं तर चेहरा उतरतो, चहाचे पैसे द्यायचे राहतात.

परवा मधल्या मारुतीजवळ वरात अडली होती. क्लॅरनेटवर 'नागिन'ची बीन, पुढं नवऱ्याचे मित्र रस्त्यावर लोळतायत. अण्णा थेट बँडवाल्यासमोर. "का बे, सिनेमात ही बीन कशावर वाजवलीय, ओळख पाहू!"

त्यानं क्लॅरनेट तोंडातून काढलं. "क्लॅव्हिओलिनवर, कल्याणजींनी. हार्मोनियम रवीची. संगीत हेमंतकुमार. सरका अण्णा, मुहूर्त टळतोय."

अण्णा क्षणभर गप्प. "साल?"

"१९५४!" मागून ढोलवाला ओरडला.

अण्णांनी घाम पुसला, तर्जनी पुन्हा वर गेली.

"महिना?"