उलटतपासणीत लॅटिन

अजिंठ्याला आमच्या चुलतभावाचा शेजाऱ्याशी बांधावरून दावा चालू आहे. शेजाऱ्याने भल्या सकाळी बांध कोरला तेव्हा सुट्टीला आलेला मी तिथेच दात घासत उभा होतो, म्हणून साक्षीदार मी. शिवाय भावाच्या मते मी शिकलेला. घात केला तो या शिकलेपणाने.

तारखेच्या आदल्या रात्री तयारी म्हणून मी इंग्रजी कायद्यातल्या शब्दांच्या व्युत्पत्त्या वाचल्या. आपण काय पाहिलं ते आठवावं, हे काही सुचलं नाही. मग ओसरीवर भावाला धरलं. अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे लॅटिनमध्ये 'त्याने शपथेवर सांगितले आहे', अख्खं वाक्यच! मॉर्गेज म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये 'मेलेलं तारण'. कर्ज फिटलं तर तारण मेलं, थकलं तर जमीन आपल्याला मेली.

"सोसायटीचं कर्ज आहे दादा, रात्रीचं असलं बोलू नका," भाऊ म्हणाला.

मी कसला थांबतोय! १०६६ साली नॉर्मन आले आणि इंग्रजांच्या कोर्टात फ्रेंच ठाण मांडून बसली. १३६२ साली कामकाज इंग्रजीतून चालवायचा कायदा झाला, तोही लिहिला फ्रेंचमध्ये. आपण तरी काय वेगळे? शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेऊन फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी दावा, वकील, तारीख जागचे हलले नाहीत. त्यात आपलं अजिंठा १९४८ पर्यंत निजामाकडे. इंग्रज आपल्या घरच्या 'विल'ला लॅटिन 'टेस्टामेंट' जोडतात, आपण फारसी 'कागदा'ला संस्कृत 'पत्र'. भाऊ एव्हाना घोरत होता.

दुसऱ्या दिवशी समोरच्या वकिलांनी सहज विचारलं, "त्या दिवशी कुदळ तुम्हीच चालवली ना?"

'नाही' म्हणून मोकळं व्हायचं. मी छाती काढून म्हणालो, "माझी अ‍ॅलिबाय आहे! लॅटिन शब्द. अर्थ, 'दुसरीकडे'."

"म्हणजे तुम्ही बांधावर नव्हता?"

"लेण्यांत होतो, मुलांना घेऊन." दुपारी, हे सांगायचं राहिलंच. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीकडे वळणार, तोच न्यायाधीश म्हणाले, "विचारलं तेवढंच." वकिलांनी माझे मनापासून आभार मानले. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

फेरतपासणीत त्यांनी सकाळ आणि दुपार वेगळी काढायची बरीच खटपट केली. पण जबानीवर सही करायला गेलो तर टाइप झालं होतं, 'साक्षीदार त्या दिवशी अलिबागला होता.' मी घाईघाईने ते दुरुस्त करायला सांगितलं.

"आधी लेणी, आता अलिबाग. नक्की होतात कुठे?" न्यायाधीशांनी विचारलं, आणि पट्टेवाल्यासकट सगळं कोर्ट हसलं.

बाहेर टपरीवर भावाने चहा सांगितला, फक्त स्वतःपुरता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काय दादा, अलिबागसे आया क्या?"

या वाक्यावर बंदी घाला म्हणून २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. ती फेटाळली गेली. म्हणजे तिथेही माझा दावा टिकायचा नाही.